बेळगावचे सायकलवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

गोव्याहून पुण्याकडे जाणारी रेल्वेगाडी लोंढा, बेळगाव, मिरज ही स्थानके मागे टाकून पुढे निघाली की सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी नावाचे स्थानक लागते. पूर्वी या स्थानकाला कुंडल रोड म्हणत. स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये एक कारखाना उभा राहिला, त्याभोवती वसाहत वाढली आणि पुढे स्थानकाचे नावही बदलले. ज्यांच्या आडनावाने हा माळ ओळखला जाऊ लागला, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर मराठी मुलखाला परिचित आहेत ते लोखंडी नांगर, पंप आणि इंजिने यांमुळे. परंतु या साऱ्या उद्योगाचा उगम नांगरात नाही, तो बेळगावातील सायकलच्या एका छोट्या दुकानात आहे. त्या दुकानात ते काय शिकले असतील, हे समजून घ्यायचे तर सायकल आणि विशेषतः सायकलची साखळी यांच्याकडे जरा बारकाईने पाहावे लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात ग्रंथांना मान होता, हत्यारांना नव्हता. अशा घरातील हा मुलगा पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. शालेय अभ्यासात त्याचे मन लागेना, तेव्हा थोरले बंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण भावाच्या आधाराने, १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

चित्रकार होण्याचे स्वप्न दोन वर्षे टिकले. त्यानंतर आपल्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला याहून मोठा धक्का कोणता असणार? रंग सोडावा लागला, रेषा मात्र हाती उरली. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले. त्यात रंगाची गरज नव्हती. गरज होती ती अचूकपणाची. त्याच सुमारास, १८८७ मध्ये, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली होती. आज ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. तेथे लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक शिक्षक झाले. शिकवण्याचे काम आटोपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रे हाताळत, ती उघडून पुन्हा जोडत. पांढरपेशा घरातून आलेल्या शिक्षकाने हात काळे करून घ्यावेत, ही त्या काळी नेहमीची गोष्ट नव्हती.

सायकलचे दुकान

मुंबईच्या रस्त्यावर सायकल तेव्हा नुकतीच दिसू लागली होती. पुढे भले मोठे चाक आणि मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल मागे पडत होती. इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये दोन जवळजवळ सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने फिरवणारी सायकल बाजारात आणली आणि सायकलचे रूपच पालटले. उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. म्हणून वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे आणि पडले तर थेट डोक्यावर. साखळी आली आणि ही अडचण दूर झाली. पायडलाचे दातेरी चक्र मोठे आणि मागच्या चाकाचे लहान ठेवले की पायाच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन-अडीच फेरे होऊ लागले. चाक लहान राहिले तरी वेग वाढला आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीजवळ आले.

लक्ष्मणराव स्वतः सायकल चालवायला शिकले आणि या यंत्राला गिऱ्हाईक मिळेल, हे त्यांनी ओळखले. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्यात, अशी वाटणी होती. दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स. हेच नाव पुढे कंपनीला मिळाले.

बेळगाव त्या वेळी लष्करी छावणीचे आणि सरकारी कचेऱ्यांचे गाव होते. त्याच दशकात रेल्वे बेळगावपर्यंत पोहोचली आणि मुरगाव बंदरापासून कॅसल रॉकच्या घाटापर्यंतही लोहमार्ग झाला. नव्या वस्तू पाहणारे आणि विकत घेऊ शकणारे लोक या गावात होते. तरीही सायकल ही सामान्यांची वस्तू नव्हती. एका सायकलीला ७०० ते १००० रुपये पडत. ती चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेतले जात. ज्या काळात शाळामास्तरांचा पगार बोटांवर मोजण्याजोगा असे, त्या काळातील या रकमा आहेत.

या दोन आकड्यांपैकी पहिला आकडा चटकन डोळ्यांत भरतो, पण महत्त्वाचा आहे तो दुसरा. सायकल विकून गिऱ्हाइकाला दारातून निरोप देणे या दुकानदारांना शक्यच नव्हते. ज्याने आयुष्यात कधी दोन चाकांवर तोल सावरला नाही, त्याला हजार रुपयांचे यंत्र देऊन भागणार नव्हते. त्याला बसायला शिकवायचे, वळायला शिकवायचे, पडला तर उठवायचे आणि मग यंत्र कुरकुरू लागले तर ते का कुरकुरते, हेही सांगायचे. विक्रीबरोबर शिकवणी आणि शिकवणीबरोबर निगा, अशी ही तिहेरी कामगिरी होती. पुढच्या पन्नास वर्षांत किर्लोस्करांनी जे जे यंत्र विकले, ते याच पद्धतीने विकले.

साखळीचे मर्म

सायकलचे यंत्र दिसायला सोपे असले, तरी त्यातील सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे साखळी. तिची आजची घडण हान्स रेनॉल्ड यांनी दिली. स्वित्झर्लंडमधील आराऊ येथे १८५२ मध्ये जन्मलेले रेनॉल्ड मँचेस्टरला आले, तेथे १८७९ मध्ये त्यांनी कापडगिरण्यांच्या साखळ्या बनवणारा एक लहानसा कारखाना विकत घेतला आणि १८८० मध्ये बुश-रोलर साखळी तयार केली. तोवरच्या साखळीत पातळ पट्ट्या थेट बारीक पिनेवर फिरत. भार थोड्याशा जागेवर पडे आणि ती जागा लवकर झिजे. रेनॉल्ड यांनी पिनेभोवती पोकळ नळी, म्हणजे बुश, बसवली आणि बुशभोवती सुटा फिरणारा रोलर घातला. पिनेचा भार बुशच्या पूर्ण लांबीवर पसरला आणि चक्राच्या दात्याशी घासण्याऐवजी रोलर त्यावरून फिरू लागला. आज जगातील जवळजवळ प्रत्येक सायकलीची आणि मोटारसायकलीची साखळी याच कल्पनेवर चालते.

सुरुवातीच्या अनेक सायकलींना मात्र ठोकळ्यांची साखळी असे. तिच्यात रोलर नसत. घट्ट पोलादी ठोकळे दात्यांवर बसत. ती मजबूत होती, पण अधिक घासत असे. रोलर असो वा ठोकळा, साखळी वळते तेथे घासते, हा नियम दोन्हींना सारखाच लागू होतो. सरळ ताणलेल्या भागात साखळीची काहीच झीज होत नाही. ती चक्रावर चढताना प्रत्येक कडी वाकते आणि उतरताना पुन्हा सरळ होते. या वाकण्यात पिन बुशच्या आत थोडीशी फिरते. घर्षण होते ते तिथे, दृष्टीआड.

यातून साखळीची निगा राखण्याचे सारे शास्त्र निघते. तेल हवे आहे ते पिन आणि बुश यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत. बाहेरच्या पट्ट्यांवर माखलेले तेल काही उपयोगाचे नाही. उलट ते धूळ धरून ठेवते. बेळगाव असो, धारवाड असो वा गोव्याचा जांभ्याचा रस्ता असो, तांबडी धूळ तेलात मिसळली की तिचा कानशीसारखा लेप तयार होतो आणि तो पोलाद खाऊ लागतो. म्हणून आधी साखळी स्वच्छ करायची, ती पूर्ण कोरडी होऊ द्यायची, मग प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडायचा, पायडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यायचे आणि शेवटी बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून काढायचे. पुष्कळ लोक यातील शेवटची पायरी विसरतात आणि साखळी काळी का पडली, म्हणून नव्याने तेल ओततात.

वंगण कोणते, हाही त्या काळी साधा प्रश्न नव्हता. घरात मिळणारी खाद्य तेले हवेत राहिली की दाट होत जातात, चिकटतात आणि डिंकासारखी घट्ट बसतात. खनिज तेल तसे घट्ट होत नाही. काही जण चरबीत शिसपेन्सिलीतील काळे द्रव्य, म्हणजे ग्राफाइट, मिसळून साखळीला लावत. इंग्लंडातील उंची सायकलींत तर पूर्ण साखळी बंद डब्यात ठेवून तिला तेलाचे छोटेसे स्नान घडवण्याची सोय निघाली. रोजच्या वापरासाठी ती उत्तम होती, कारण धुळीचा प्रश्नच मिटला. पण डब्याचे वजन शर्यतीच्या स्वाराला परवडणारे नव्हते.

शर्यतीतील साखळी

घर्षण किती खाते, हे शर्यतीत कळते. स्वच्छ, सरळ रेषेत धावणारी आणि नीट वंगण लाभलेली साखळी पायाच्या शंभर भागांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव भाग मागच्या चाकाला पोहोचवते. २५० वॉट शक्ती लावणाऱ्या स्वाराची अशा साखळीत जेमतेम ५ वॉट वाया जाते. मळलेल्या, कोरड्या साखळीत ही गळती बरीच वाढते. बाजारहाटाला निघालेल्या माणसाला हा फरक जाणवणार नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्याला मात्र तो पोटरीत कळतो.

म्हणून शर्यतीचा स्वार साखळी निवडताना तीन गोष्टी पाहतो. पहिली, साखळी आणि चक्राचे दाते एकमेकांना शोभणारे आहेत की नाहीत. दुसरी, साखळी चक्रांच्या एकाच रेषेत धावते की तिरकी. तिरकी धावणारी साखळी पट्ट्यांच्या कडा घासत जाते. तिसरी, चक्राचा आकार. दाते अधिक असतील तर प्रत्येक कडीला कमी वाकावे लागते आणि घर्षण घटते. म्हणून पुढचे आणि मागचे चक्र एकाच प्रमाणात मोठे केले, तर वेगाचे गणित तेच राहून श्रम थोडे वाचतात. वंगणाच्या बाबतीत आजचे स्वार तेलाऐवजी मेणाला पसंती देतात. साखळीवरील कारखान्याचे ग्रीस पूर्ण काढून टाकायचे, ती वितळलेल्या मेणात बुडवायची, मेण बुशच्या आत शिरू द्यायचे आणि थंड झाल्यावर ती हाताने मोडून मोकळी करायची. मेण सुकल्यावर चिकट राहत नाही, त्यामुळे धूळ धरत नाही. भर पावसात मात्र ते लवकर धुऊन जाते; म्हणून गोव्याच्या आषाढात तेलालाच पर्याय नाही.

साखळी कधी बदलायची, याची परीक्षा फूटपट्टीने होते. सायकलच्या साखळीत एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असते. त्यामुळे नव्या साखळीत २४ सांधे बरोबर १२ इंचांत बसतात. तेच २४ सांधे एक षोडशांश इंचाने पुढे सरकले, तर साखळी झिजली असे समजावे. एक अष्टमांशाने सरकले, तर तिने दातेही खाल्ले असतील. लोक साखळी ताणली गेली असे म्हणतात. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही, प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश किंचित झिजतात आणि त्या सगळ्या किंचितांची बेरीज दिसू लागते.

लक्ष्मणराव मुंबईत शिकवत असताना युरोपात साखळीवरून मोठे रण माजले होते. विल्यम सिम्पसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने त्रिकोणी कड्यांची एक साखळी काढली आणि तरफेच्या तत्त्वामुळे ती साध्या साखळीहून अधिक शक्ती देते, असा दावा केला. तो सिद्ध करण्यासाठी जून १८९६ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड धावपट्टीवर शर्यती लावण्यात आल्या. हजारो लोक पाहायला लोटले. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी त्या साखळीचे जाहिरातचित्र काढले. सिम्पसनच्या बाजूच्या नामांकित स्वारांनी मैदान गाजवले. परंतु त्यांच्यापुढे धावून वारा अडवणारे साथीदारही तितकेच सरस होते. साखळीचे गुपित पुढे टिकले नाही आणि काही वर्षांत ती बाजारातून नाहीशी झाली. साखळी शक्ती निर्माण करत नाही. मिळालेली शक्ती कमीत कमी सांडत पुढे पोहोचवणे, एवढेच तिच्या हाती असते. यंत्र समजणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असते. जाहिरातीवर विसंबणाऱ्याला ती पैसे गेल्यावर कळते.

डावललेला शिक्षक

कॅटफर्डच्या शर्यतीनंतरच्या वर्षी, १८९७ मध्ये, लक्ष्मणरावांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. संस्थेत बढतीची जागा निघाली. कामाच्या दृष्टीने ती त्यांच्याकडे यायला हवी होती; परंतु ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. परक्या सत्तेच्या चाकरीत अशा प्रसंगी बहुतेक माणसे गप्प राहत, कारण पगार नियमित असे आणि घरी खाणारी तोंडे असत. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला रामूअण्णांकडे आले.

या निर्णयातील जोखीम आज सहजी लक्षात येत नाही. सरकारी आश्रयाखालील संस्थेतील शिक्षकाची प्रतिष्ठा एका बाजूला आणि परगावी, भावाच्या सायकलच्या दुकानात यंत्रे खोलत बसणे दुसऱ्या बाजूला. शिवाय सायकलचा धंदा कधीही मोठा होण्यासारखा नव्हता. इतक्या किमतीची वस्तू घेणारे लोक एका गावात असून असून किती असणार? विकणारे वाढले आणि विलायती कंपन्यांनी भाव उतरवले, तर मधला नफाही उरणार नव्हता. परदेशी यंत्र आणून विकण्यात आपले असे काहीच नव्हते. आपले म्हणता येईल असे यंत्र घडवायचे होते.

सायकल श्रीमंतांसाठी होती. बेळगावच्या आसपास सर्वांत मोठा वर्ग होता तो शेतकऱ्यांचा. त्यांचा नांगर लाकडी, त्यांचा कडबा विळ्याने तोडलेला आणि त्यांचे बैल या दोहोंखाली दमलेले. लक्ष्मणरावांनी चारा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायचे ठरवले.

दोन वर्षे न विकलेला नांगर

नांगर तयार झाला, पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये रुजलेला होता. जी वस्तू वाडवडिलांपासून लाकडाची होती, ती लोखंडाची का करायची, हा प्रश्नही होताच. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल पडून राहिला असता दुसरा कोणी लहान कारखानदार सायकलच्या दुकानात परत गेला असता.

शेतकऱ्याचा हा नकार अडाणीपणाचा नव्हता, हे मान्य करायला हवे. त्याच्याकडे चूक करण्याइतका पैसा नव्हता. एक हंगाम वाया गेला तर सावकार दारात उभा राही. म्हणून त्याला कागदावरचा हिशेब नको होता. शेजाऱ्याच्या शेतात चाललेला नांगर हवा होता. इथे सायकलच्या दुकानातील शिस्त उपयोगी पडली. नांगर विकायचा तर तो धरायला शिकवावा लागेल, फाळ झिजला की बदलून द्यावा लागेल, नट सैल झाला तर कोणता पाना लावायचा ते दाखवावे लागेल. यंत्र आणि माणूस यांच्यातही एक सांधा असतो. तो कोरडा राहिला, तर उत्तम यंत्रही कुरकुरत पडून राहते. हळूहळू एकेका गावात नांगर चालू लागला आणि मागणी आपोआप पसरली.

धंद्याला बरे दिवस येत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. जम बसू पाहणाऱ्या कारखान्याला जागेवरून उठवणे म्हणजे चालत्या सायकलची साखळी काढून घेणे. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. एका चित्रकार राजाने रंग ओळखता न येणाऱ्या एका यांत्रिकावर विश्वास टाकला, असा हा योग होता.

माळावरची वाडी

१९१० मध्ये लक्ष्मणराव पंचवीसेक सहकारी आणि त्यांची कुटुंबे घेऊन त्या माळावर आले. ३२ एकर जमीन, सर्वत्र निवडुंग आणि नागसाप. पिण्याचे पाणी नाही, शाळा नाही, वैद्य नाही. रामूअण्णांनी वसाहतीच्या उभारणीची जबाबदारी घेतली; शंभूअण्णा जांभेकरांनी कारखान्याचा कारभार सांभाळला; मंगेशराव रेगे यांनी कार्यालय आणि हिशेब पाहिले. यांपैकी कोणाकडेही मोठी पदवी नव्हती. लक्ष्मणराव माणसे निवडताना पदवी पाहत नसत. हाताने काम करायची तयारी पाहत. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांनाही त्यांनी वाडीवर राखणदार म्हणून नेमले आणि त्या माणसांनी विश्वास राखला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक होता. त्या काळात हे सांगणे सोपे होते, पाळून घेणे अवघड.

पहिल्या महायुद्धात विलायतेहून येणारे लोखंड, कोळसा आणि रंग बंद झाले. ओतकामाची भट्टी थंड पडण्याची वेळ आली. लक्ष्मणरावांनी भंगार गोळा केले, लाकडी कोळशाचे प्रयोग केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या. ज्या लोखंडाने एकेकाळी लढाया पाहिल्या होत्या, ते नांगराच्या रूपाने रानात गेले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून एक मासिक निघू लागले. सुरुवातीला त्याचे नाव किर्लोस्कर खबर असे होते आणि त्याचा हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ते मराठीतील एक प्रभावी मासिक बनले. पुढे १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही भावंडे जन्मली. नांगराचे माहितीपत्रक वाचता वाचता मराठी वाचकाला विज्ञान, समाजसुधारणा आणि नवे कथालेखन मिळाले. यंत्र विकण्यासाठी आधी माणूस तयार करावा लागतो, ही बेळगावच्या दुकानातील समज मासिकाच्या रूपाने अशी लांबवर पोहोचली.

नांगराच्या पाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप आले. १९२६ मध्ये वाडीत केंद्रोत्सारी पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षण संस्थेतून पदवी घेऊन बाहेर पडले. मोटेने पाणी उपसणाऱ्या बैलांना पंपाने विसावा दिला. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे लेथ बनवणारा कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्यात तेलाची इंजिने बनवणारा कारखाना उभा राहिला. तोवर कारभार बहुतांशी पुढच्या पिढीच्या हाती गेला होता.

काय मागे राहिले

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बेळगावात किर्लोस्कर रोड आजही आहे आणि त्यावरून जाणाऱ्या अनेकांना तो सायकलच्या दुकानामुळे आहे, हे माहीत नसते.

लक्ष्मणरावांच्या जीवनाकडे पाहताना विजयांची यादी करणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्यातील ठळक प्रसंग अडथळ्यांचे आहेत. डोळ्यांनी चित्रकला नाकारली, संस्थेने बढती नाकारली, शेतकऱ्याने नांगर नाकारला, नगरपालिकेने जागा नाकारली, युद्धाने लोखंड नाकारले. प्रत्येक वेळी त्यांनी घर्षण कुठे होते आहे, ते शोधले. रंग कळत नाहीत, तर रेषा घेतली. वरिष्ठ न्याय देत नाहीत, तर स्वतःचा धंदा पाहिला. शेतकरी घेत नाही, तर त्याच्या भीतीचे कारण जाणून घेऊन त्याला शिकवले. अडथळ्यावर चिडून जोर वाढवणे आणि अडथळा नेमका कोणत्या सांध्यात आहे ते पाहणे, यांत फरक आहे. साखळी कोरडी असताना पायडलावर अधिक जोर दिला, तर पाय दुखतात आणि साखळी तुटते.

आज गोव्याच्या किनारी रस्त्यांवर पहाटे सायकलपटूंचे जथे दिसतात. त्यांच्या सायकली हलक्या धातूच्या किंवा कार्बनच्या, साखळ्या अरुंद आणि गुळगुळीत, मेणाने माखलेल्या असतात. किंमतही १८८८ प्रमाणेच सामान्य माणसाला धडकी भरवणारी असते. साखळीतील पिन आणि बुश मात्र तेच आहेत, आणि घर्षणाचा नियमही तोच आहे. आपल्याकडे सायकल विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. ती विकताना साखळी कशी पुसायची, तेल कुठे सोडायचे आणि कुठे सोडायचे नाही, हे बसून दाखवणारा दुकानदार शोधावा लागतो. किर्लोस्कर बंधू त्या शिकवणीचे १५ रुपये घेत. नवे यंत्र घरी आणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते यंत्राच्या किमतीपुढे फार वाटले नसतील, आणि ज्याने ते मन लावून शिकून घेतले, त्याची सायकल अधिक वर्षे चालली असेल.